एक वाजून एक मिनिट

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागायचा होता. करोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. शाळांनी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण पाठवले होते आणि राज्यातल्या सुमारे पावणेसोळा लाख मुलांचे निकाल मंडळाकडे आधीच तयार होते. निकाल ९९.९५ टक्के, म्हणजे धाकधूक पास-नापासाची नव्हती, टक्क्यांची होती. एक वाजला आणि निकालाची संकेतस्थळं कोलमडली. पुढचे काही तास राज्यभर एकच खेळ चालला: आसनक्रमांक टाका, गोल गोल फिरणारं चिन्ह बघा, पान परत उघडा. एरवी इंटरनेटच्या बाबतीत ठाणे जिल्ह्यातल्या किन्हवली-टोकावड्याची पोरं दादर-पार्ल्याच्या पोरांच्या मागे असतात. त्या दुपारी सगळे एका रांगेत आले.

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' हे वाक्य शहापूरच्या किंवा मुरबाडच्या सेतू केंद्रात एकदा तरी न ऐकलेला माणूस विरळाच. दाखला असो, रेशनकार्ड असो की शिष्यवृत्तीचा अर्ज, सर्व्हर 'डाऊन' होतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एक जळालेलं, धूर येणारं यंत्र उभं राहतं. प्रत्यक्षात ते यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असतं, फक्त कामाखाली गाडलं गेलेलं असतं. आणि ते काम पुष्कळदा अनावश्यक असतं. या प्रकरणात तेवढंच बघायचं आहे: अनावश्यक काम येतं कुठून आणि ते कमी कसं करतात. उदाहरणासाठी भाषा घेऊ पीएचपी, कारण जगातली फार मोठी संकेतस्थळं आजही तिच्यावर चालतात. वर्डप्रेस तिच्यात लिहिलेलं आहे, विकिपीडिया तिच्यात लिहिलेला आहे, फेसबुकची सुरुवातही तिच्यातच झाली.

आधी हिशेब. पावणेसोळा लाखांपैकी निम्म्यांनीच पहिल्या पाच मिनिटांत निकाल बघायचं ठरवलं असं समजू. म्हणजे सेकंदाला सुमारे २६०० मागण्या. पीएचपीच्या सर्व्हरवर 'वर्कर' नावाच्या प्रक्रिया असतात आणि एक वर्कर एका वेळी एकच मागणी हाताळतो. एका निकालाला ०.२ सेकंद लागत असतील तर कोणत्याही क्षणी २६०० गुणिले ०.२, म्हणजे ५२० वर्कर कामात अडकलेले असणार. मागण्यांचा वेग गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ, की अडकलेल्यांची संख्या मिळते. हा साधा दिसणारा नियम पुढे एमआयटीत गेलेल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला आणि तो बँकेच्या रांगेलाही लागू पडतो. एका वर्करला ४० एमबी स्मृती लागते असं धरलं तर ५२० जणांना २१ जीबी पुरे. एखादा बरा सर्व्हर एवढं सहज पेलतो.

पण डेटाबेस जरा दमला आणि ०.२ चे २ सेकंद झाले, तर? ५२०० वर्कर, २०८ जीबी. सर्व्हरवर तेवढी जागा नसते, मग मागण्या दाराबाहेर थांबतात. थांबलेला माणूस काय करतो? पान परत उघडतो. घरात तीन मोबाइल असतील तर तिन्हींवर उघडतो. इथे पीएचपीची एक खोड आडवी येते. मुलाने कंटाळून पान बंद केलं तरी वर्करला त्याचा पत्ता नसतो. उत्तर पाठवायला जाईपर्यंत त्याला कळत नाही की घेणारा कधीच निघून गेला. तोवर डेटाबेस शोधून, गुणपत्रक मांडून सगळं झालेलं असतं. एकाच मुलासाठी चार वेळा काम होतं आणि त्यातली तीन उत्तरं कुणीच बघत नाही. म्हणून अशी संकेतस्थळं हळूहळू मंद होत नाहीत. एक वाजता धावत असतात, एक वाजून एक मिनिटाने आडवी होतात आणि गर्दी स्वतःहून पांगेपर्यंत उठत नाहीत.

ही खोड समजून घ्यायची तर पीएचपीचा जन्म बघावा लागतो. ग्रीनलँडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ मध्ये आपल्या इंटरनेटवरच्या परिचयपत्राला कोण भेट देतं हे बघण्यासाठी काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. ८ जून १९९५ रोजी त्यांनी ते सर्वांसाठी खुले केले. नावही घरगुती: पर्सनल होम पेज. त्यातून वाढलेल्या भाषेचा स्वभाव एका पानापुरता राहिला. मागणी आली की जागं व्हायचं, पान बनवायचं, दिलं की सगळं विसरून जायचं. पुढच्या मागणीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मागच्या मागणीत काही बिघडलं तर त्याचा डाग पुढच्या मागणीवर पडत नाही, हा या विसराळूपणाचा मोठा फायदा. शिकाऊ माणसानं लिहिलेली कच्ची संकेतस्थळंही वर्षानुवर्षं चालत राहतात ती यामुळेच. पीएचपीला नावं ठेवणाऱ्यांनी हा गुण कधी नीट मोजला नाही, असं माझं मत आहे.

तोटा उघड आहे. प्रत्येक मागणीला तोच प्रोग्रॅम पुन्हा वाचायचा, त्याचं यंत्राला कळेल असं रूप पुन्हा तयार करायचं आणि मग तो चालवायचा. वर्डप्रेसचं साधं पान उघडताना शेकडो फायली वाचल्या जातात. हे तयार रूप स्मृतीत राखून ठेवणारा भाग म्हणजे ऑपकॅश. २०१३ च्या जूनमध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून तो पीएचपीबरोबरच मिळतो. तो चालू आहे का, त्याला दिलेली स्मृती पुरते का, एवढं तपासलं तरी कित्येक संकेतस्थळांचा वेग लक्षात येण्याइतका वाढतो, आणि त्यासाठी प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही. तरीही तपासायचं राहून जातं.

भाषाही वेगवान झाली. फेसबुकने २०१० मध्ये पीएचपीचं सी++ मध्ये रूपांतर करणारं हिपहॉप जाहीर केलं, पुढे एचएचव्हीएम नावाचं स्वतःचं इंजिन बनवलं. त्या स्पर्धेने मूळ भाषेच्या कर्त्यांना जाग आली. डिसेंबर २०१५ मध्ये आलेली पीएचपी ७ तेच काम अनेक ठिकाणी जवळपास निम्म्या वेळात करू लागली, तेही कमी स्मृतीत. २०२० च्या ८.० आवृत्तीत चालता चालता थेट यंत्रभाषेत रूपांतर करण्याची सोय आली आणि तिची जाहिरात खूप झाली. पण साध्या संकेतस्थळाला तिचा उपयोग थोडाच. पान बनवताना पीएचपीचा बराचसा वेळ आकडेमोडीत जातच नाही, तो जातो डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात. आणि वाट बघण्याचा वेग वाढवता येत नाही.

तेव्हा डेटाबेसकडे वळू. पावणेसोळा लाख ओळींच्या तक्त्यातून एक आसनक्रमांक शोधायचा आहे. तक्त्याला इंडेक्स नसेल तर डेटाबेस पहिल्या ओळीपासून वाचत सुटतो. इंडेक्स असेल तर तीन-चार पायऱ्यांत मुक्कामाला पोहोचतो. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅकक्रेट यांनी १९७० च्या सुमारास मांडलेली बी-ट्री ही रचना त्यामागे आहे आणि आजचे बहुतेक डेटाबेस तिच्यावर उभे आहेत. एक इंडेक्स घालायला एक ओळ लागते. ती ओळ नसल्यामुळे नवे सर्व्हर विकत घेणारे लोक जगात भरपूर आहेत.

दुसरा दोष अधिक चकवा देणारा आहे. समजा शहापूर तालुक्यातल्या दोनशे गावांची यादी दाखवायची आहे आणि प्रत्येक गावापुढे लोकसंख्या व सरपंचाचं नाव. सरळ लिहिणारा प्रोग्रॅमर आधी गावांची यादी मागवतो, मग प्रत्येक गावासाठी वेगळा प्रश्न विचारतो. एकूण २०१ फेऱ्या. एका फेरीला तीन मिलिसेकंद धरले तरी सहाशे मिलिसेकंद नुसत्या ये-जा करण्यात गेले. हीच माहिती एका जोडप्रश्नात दहा-पंधरा मिलिसेकंदांत येते. गंमत अशी की लिहिताना त्याच्या चाचणीच्या डेटाबेसमध्ये पाचच गावं असतात. म्हणून दोष दिसत नाही. तो दिसतो तालुका भरल्यावर.

असं पान गर्दीच्या दिवशी अडकलं की साहेब म्हणतात, मोठा सर्व्हर घ्या. घेतात. चौसष्ट कोअरचं यंत्र येतं आणि पान तितकंच रखडतं. शहापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. १८९२ चं तानसा धरण त्यांच्याच तालुक्यात, मुंबईला जवळपास निम्मं पाणी पुरवणारं भातसाही त्यांच्याच तालुक्यात आणि एप्रिल-मे उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट बघायची वेळही त्यांच्यावरच. साठा किती आहे याने पाड्याची तहान भागत नाही, पाड्यापर्यंत नळ आहे का याने भागते. सर्व्हरचंही तसंच. माय-एसक्यूएल हा डेटाबेस मुळात एका वेळी १५१ जोडण्याच स्वीकारतो, हा आकडा बदलला नाही तर. पुढे पाचशे वर्कर उभे केले तरी एकशे बावन्नावा दारातून परत फिरतो. आकडा वाढवला तर सगळे आत शिरतात आणि तक्त्याच्या एकाच ओळीपाशी एकमेकांना अडवतात. अडचण कोणत्या नळात आहे हे मोजल्याशिवाय धरणाची उंची वाढवण्यात अर्थ नाही. मोजण्याची साधनं फुकट आहेत. डेटाबेस रेंगाळलेल्या प्रश्नांची नोंदवही ठेवतो, पीएचपीसाठी एक्सडीबगसारखे प्रोफायलर आहेत. एक दिवस ते चालू ठेवले की कुठल्या ओळीवर किती वेळ गेला ते दिसतं, आणि जिच्यावर संशय होता ती ओळ बहुधा निर्दोष निघते.

आता निकालाकडे परत. निकाल ही वेगळ्याच जातीची माहिती आहे. एकदा जाहीर झाली की ती बदलत नाही. फेरमूल्यांकनात बदलली तरी आठवड्यांनी आणि मूठभरांची. मग मुलाने बटण दाबल्यावर डेटाबेसला विचारायचंच कशाला? तहान लागल्यावर विहीर खणायचा हा प्रकार. आदल्या रात्री प्रत्येक मुलाचं पान बनवून ठेवावं. एक पान पाच केबीचं धरलं तर पावणेसोळा लाख पानांचे होतात सुमारे आठ जीबी. मुरबाडच्या बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात मिळणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये अख्ख्या महाराष्ट्राची दहावी मावते. दुसऱ्याच्या पोराचा निकाल कुणी बघू नये म्हणून आसनक्रमांकासोबत आईचं नाव विचारतात. तीही सोय ठेवता येते: दोन्ही मिळून एक लांबलचक सांकेतिक अक्षरमाळ तयार करायची आणि तेच फायलीचं नाव ठेवायचं. दोन्ही गोष्टी ठाऊक असल्याशिवाय फाईल सापडत नाही.

अशा तयार फायली वाटायला पीएचपी लागतच नाही. रशियाच्या इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला एनजिनएक्स हा सर्व्हर एका मध्यम यंत्रावरून सेकंदाला अशा हजारो फायली वाटतो. २६०० मागण्या गुणिले पाच केबी म्हणजे सेकंदाला सुमारे १३ एमबी. आजकाल घरोघरी विकली जाणारी शंभर एमबीपीएसची (सेकंदाला शंभर मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) फायबर जोडणी जेमतेम भरेल इतका हा प्रवाह. सरकारी डेटा सेंटरला तो किरकोळ आहे. पीएचपीचा वेग वाढवण्याचा सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे पीएचपीला उठवूच नये, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण या धंद्यातली जाणती माणसं सगळ्यात आधी हेच बघतात.

याचा सगळ्यात मोठा आणि चालू पुरावा मराठीतच आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. विकिपीडियाचं पहिलं सॉफ्टवेअर पर्ल भाषेतलं होतं. जर्मनीतला माग्नुस मान्स्के हा जीवशास्त्राचा विद्यार्थी होता. त्याने ते पीएचपीत नव्याने लिहिलं आणि जानेवारी २००२ मध्ये ते चालू झालं. त्याच वर्षी ली डॅनिएल क्रॉकर यांनी पुन्हा एकदा लिहिलं. त्यालाच पुढे मीडियाविकी म्हणू लागले. खर्डी स्टेशनवर कसारा लोकलची वाट बघत कुणी मोबाइलवर 'माहुली किल्ला' शोधला तर काय होतं? मागणी मुंबईमार्गे समुद्राखालच्या केबलने सिंगापूरला जाते, कारण विकिमीडियाने २०१८ मध्ये तिथे आपलं साठवण केंद्र सुरू केलं. पान आधी कुणी वाचलेलं असेल तर त्याची तयार प्रत तिथे असते आणि तीच परत येते. मुंबई-सिंगापूर अंतर चार हजार किलोमीटरच्या आत, काचतंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंद. अमेरिकेतल्या मुख्य केंद्रापर्यंत जायचं तर नुसत्या अंतराचेच त्याच्या तिपटीहून जास्त. बहुसंख्य वाचकांच्या वाचनात विकिपीडियाचं पीएचपी हलतसुद्धा नाही. ते हलतं कुणी लेख संपादित केला, की मग. तेव्हा जुनी प्रत रद्द होते आणि नवी बनते.

ही व्यवस्थाही एकदा पडली. २५ जून २००९ ला मायकल जॅक्सन गेले. जगभरातून वाचक एका लेखावर तुटून पडले, आणि त्याच वेळी संपादक दर काही क्षणांनी तो लेख बदलत होते. प्रत्येक बदलागणिक साठवलेली प्रत रद्द. मग नवी प्रत हवी असलेल्या शेकडो मागण्या एकदम आत शिरायच्या आणि प्रत्येक सर्व्हर तोच लांबलचक, साच्यांनी आणि संदर्भांनी भरलेला लेख स्वतंत्रपणे बनवायला घ्यायचा. एक बनवून होतो तोवर पुढचा बदल. एका लेखापायी सगळा विकिपीडिया अडखळला. त्यावर पूलकाउंटर नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला गेला. त्याचा नियम असा: एक पान एका वेळी मोजक्यांनीच बनवायचं, बाकीच्यांनी थांबायचं, आणि थांबणं लांबलं तर किंचित जुनी प्रत वाचकाला द्यायची. अर्ध्या मिनिटापूर्वीचा लेख वाचल्याने कुणाचं नुकसान होत नाही. किती जुनं चालेल, हा प्रश्न तंत्रज्ञाने ठरवायचा नसतो, तो कामाचं स्वरूप ठरवतं. धरणाच्या पाणीपातळीचं पान तासाभराचं जुनं चालेल, पैसे भरल्याची पावती एका क्षणाचीही जुनी चालणार नाही. या भेदाचा विचार न करता सगळं 'ताजं' ठेवायचा हट्ट हेच कित्येक सरकारी संकेतस्थळांचं दुखणं आहे.

संपादकांना मात्र तयार प्रत देऊन भागत नाही, त्यांच्यासाठी पीएचपीला उठावंच लागतं. म्हणून विकिपीडियाने २०१४ च्या अखेरीस फेसबुकचं एचएचव्हीएम वापरायला घेतलं. सर्व्हरवरचा ताण पन्नास टक्क्यांवरून दहाच्या आसपास आला आणि लेख जतन व्हायला लागणारा वेळ ठळकपणे घटला. पुढे फेसबुकने त्या इंजिनाची पीएचपीशी फारकत केली आणि २०१९ मध्ये विकिपीडिया पीएचपी ७ वर परतला. उसन्या घोड्यावरून उतरून आपल्याच, पण आता ताज्यातवान्या घोड्यावर.

एका यंत्राची दोन किंवा दहा यंत्रं करायची वेळ आली की पीएचपीचा विसराळूपणा पुन्हा वरदान ठरतो. वर्कर काहीच लक्षात ठेवत नसल्यामुळे मागणी कुठल्याही यंत्राकडे गेली तरी चालतं. लक्षात ठेवायच्या गोष्टी तेवढ्या बाहेर काढाव्या लागतात. लॉगिनची खूण म्हणजे सेशन पीएचपी मुळात त्याच यंत्रावरच्या एका फायलीत ठेवतं. पुढची मागणी दुसऱ्या यंत्राकडे गेली की अर्ज अर्धा भरलेल्या माणसाला 'पुन्हा लॉगिन करा' असं पान दिसतं. आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. सेशन रेडिससारख्या सामायिक, स्मृतीत चालणाऱ्या साठ्यात ठेवलं की प्रश्न मिटतो. दुसरी शिस्त म्हणजे माणसाला ताटकळत ठेवून करण्यासारखी नसलेली कामं वेगळ्या रांगेत टाकणं: एसएमएस पाठवणं, दाखल्याची पीडीएफ बनवणं, ई-मेल. अर्ज मिळाला, क्रमांक हा घ्या, एवढं लगेच सांगून पीएचपीनं मोकळं व्हावं. बाकीचं काम मागे, सवडीनं चालणाऱ्या प्रोग्रॅमने करावं. एसएमएस कंपनीचा सर्व्हर दहा सेकंद अडकला म्हणून अर्ज स्वीकारणारा वर्कर अडकून पडायचं कारण नाही.

इथवर सगळा विचार सर्व्हरच्या बाजूने झाला. मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालं की टोकावड्याच्या पुढे मोबाइलवरच्या रेघा कमी होत जातात. तिथे पान कितीही चपळ बनवलं तरी ते पोहोचायला रस्ता बारीक असतो. मुखपृष्ठावर सरकती छायाचित्रं, मान्यवरांचे फोटो, उद्घाटनाची चित्रफीत मिळून पान चार एमबीचं झालं असेल आणि जोडणी एक एमबीपीएसची असेल तर पान उतरायला बत्तीस सेकंद लागतात. सर्व्हरवर ०.२ सेकंदाचे ०.१ करण्यासाठी महिनाभर खपलेल्या माणसाला हा आकडा दाखवावा.

देवनागरीचाही यात थोडा वाटा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन. 'मुरबाड' रोमन लिपीत सहा बाइटांत बसतं, देवनागरीत अठरा लागतात. सुदैवाने त्या तीनपैकी पहिले दोन बाइट सतत तेच ते येत असल्यामुळे हा मजकूर दाबून पाठवायला फार सोयीचा असतो. जीझिप किंवा ब्रॉटली हे दाबण्याचे प्रकार सर्व्हरवर चालू केले की मराठी पान चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. फोटोंना हा उपाय लागू नाही, ते आधीच दाबलेले असतात, त्यांना मुळात लहानच करावं लागतं. आणि गावची योजना, सभेची सूचना, लाभार्थ्यांची यादी असा मजकूर स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात टाकायची जी पद्धत पडली आहे तिने तर साध्या मजकुराचंही चित्र करून टाकलं आहे. दोन केबीची सूचना दोन एमबीची होते, शिवाय ती शोधताही येत नाही.

क्रोम ब्राउझरमध्ये डेव्हलपरसाठीच्या खिडकीत जोडणीचा वेग मुद्दाम कमी करून बघायची सोय आहे. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या फायबरवर बसलेल्या माणसाला तिथे थ्रीजी निवडता येतं. संकेतस्थळ हाती घेताना तालुक्याच्या अधिकाऱ्याने करारात एक अट घालावी: या वेगावर पहिला वाचता येणारा मजकूर पाच सेकंदांत दिसला पाहिजे. ती अट पाळता पाळता सरकती छायाचित्रं सगळ्यात आधी जातील.